गुडघ्यातली चुणी

घटना

सामना संपला की पंचाने एक फॉर्म भरायचा असतो. घटना, इशारे, साक्षीदार, वाया गेलेला वेळ अशा चार चौकटी, आणि खाली सही. शिट्टीने सतरा वर्षं हा फॉर्म भरला होता आणि एकदाही त्यात स्वतःबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. पंच ही काही घटना नसते.

पण त्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर एकटी बसून, तिने पहिल्या चौकटीत लिहिलं, '६३व्या मिनिटाला पंचांचा उजवा गुडघा', आणि पुढे क्रियापद सुचेना. मोडला म्हणावं तर मोडला नव्हता. सुजला म्हणावं तर डाव्यासारखाच गुळगुळीत दिसत होता. कुणी लाथ घातली म्हणावं तर आसपास चिटपाखरू नव्हतं. ती वळली होती, एवढंच. वळली, आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला कुणीतरी खिळा ठोकून पसार झालं.

दारातून झेंड्या डोकावला. झेंड्या म्हणजे तिचा नेहमीचा लाइन्समन, बारा वर्षं तिच्याबरोबर झेंडा हलवणारा.

"लंगडत होतीस का गं शेवटी?"

"बूट चावतोय."

"नवे घेतलेस?"

"जुनेच. आत्ता दात आले त्यांना."

झेंड्या हसला आणि गेला. तिने ती ओळ खोडली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही ती उमटली.

शिट्टी हे अर्थातच तिचं नाव नव्हतं. पण नवराही तिला त्याच नावाने हाक मारायचा, आणि पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं की तिला क्षणभर वाटायचं, ही बाई कोण.

इशारे

पिवळं कार्ड, पहिलं: घरचे डॉक्टर. एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले, "छान आहे की. आता चाळिशी ओलांडलीत, वय आपलं काम करणारच."

"वय फक्त उजवीकडेच काम करतं का?"

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. तिने त्या महिनाभर घेतल्या. पोट बिघडलं, गुडघा होता तसाच.

पिवळं कार्ड, दुसरं: संघांना मालीश करणारा पहिलवान. त्याने गुडघ्याला इतकं तेल चोळलं की बसमध्ये शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली. वर गुडघ्याला पट्टा. पट्ट्याने गुडघा गरम राहिला आणि दुखायचा तो गरम गरम दुखू लागला.

लाल कार्ड: हाडांचे मोठे डॉक्टर. मोठं मशीन, त्यात पाऊण तास पडून राहायचं, हलायचं नाही. अहवाल आला, तो म्हणजे गुडघ्याचं प्रशस्तिपत्रकच. गादी ठीक, दोऱ्या ठीक, वाटी ठीक.

"मशीनला काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मला जिना उतरताना दिसतं. कूस बदलताना दिसतं. मोजे घालताना तर..."

"मनावर दडपण असतं का हो तुमच्या? मैदानावर लोक शिव्या देतात म्हणे पंचांना."

"शिव्या कानात जातात, डॉक्टर. गुडघ्यात नाही उतरत."

ते समजूतदारपणे हसले. त्या हसण्याला तिने मनातल्या मनात खिशातून कार्ड काढलं आणि हात पूर्ण ताणून दाखवलं. मैदानाबाहेर व्हा.

आणि मग साहेब. पंच समितीचे प्रमुख. कार्ड दाखवावं असा त्यांचा गुन्हा नव्हता. ते फार प्रेमाने बोलले, हीच अडचण होती.

"आठ महिने झाले. सगळ्यांना दिसतंय. मी काय म्हणतो, निरीक्षक हो. वर बसायचं, पंचांना गुण द्यायचे. खुर्ची आहे, चहा आहे, समितीची टोपी आहे."

"टोपी तर तुम्ही आत्ताच घालताय, साहेब."

"बघ, नऊ आठवड्यांनी चाचणी आहे. पंचाहत्तर मीटर धाव, पंचवीस मीटर चाल, चाळीस वेळा. त्यात बसलीस तर यादीत नाव राहील. नाही बसलीस तर मी काही करू शकणार नाही. आणि तेव्हा ही खुर्चीही रिकामी असेलच असं नाही."

"रिकामी राहील," शिट्टी म्हणाली. "त्या खुर्चीत कोण मरायला बसतंय."

दार ओढून घेऊन बाहेर पडली ती ताठ. जिना होता बावीस पायऱ्यांचा. पहिल्या वळणापर्यंत ताठ, कारण साहेबांच्या खिडकीतून तिथवर दिसायचं. पुढे कठडा धरून, एकेक पायरी, डावा पाय पुढे, उजवा मागून ओढत. लहान मूल उतरतं तशी.

खेळ थांबला

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं.

सासूबाई पँटच्या कारखान्यात कापणी खात्याच्या मुख्य होत्या, एकतीस वर्षं. तिथे त्यांना सगळे मास्तरीण म्हणत, आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव त्यांनी घरी आणलं, कात्रीसकट. मधल्या खोलीत कापायचं मोठं टेबल होतं. त्या टेबलावर जेवायचं नाही, वह्या ठेवायच्या नाहीत, टेकून उभंसुद्धा राहायचं नाही. शिट्टीचा सगळा पंचाचा पोशाख तिथेच बेतला जायचा. बाजारचा तयार पोशाख मास्तरीणबाईंना बघवत नसे.

सुनेच्या गुडघ्याबद्दल त्या आठ महिन्यांत अवाक्षर बोलल्या नव्हत्या. शिट्टीलाही त्यात बरंच वाटत होतं. घरात एक तरी माणूस सल्ला न देणारं.

त्या रविवारी त्यांनी समारंभाची नवी काळी पँट शिवून तयार ठेवली होती, कडक इस्त्रीची, पुढून सुरीसारखी रेघ. "घाल," म्हणाल्या. "आणि सरळ उभी राहा. सामना सुरू व्हायच्या आधी राहतेस तशी."

शिट्टी उभी राहिली.

मास्तरीणबाई खाली बसल्या, चष्मा नाकावर ओढला, आणि त्यांचा चेहरा पडला. डाव्या पायावरची रेघ बुटापर्यंत ओळंब्यासारखी सरळ. उजव्या पायावरची गुडघ्यापर्यंत यायची आणि तिथून बाहेरच्या बाजूला सरकायची. गुडघ्यात एक तिरकी चुणी.

"काढ."

"अहो आई, कुणाला दिसणार आहे?"

"मला दिसतंय. काढ."

गुडघ्यापाशी शिवण उसवून परत घातली. चुणी तिथेच. दुसऱ्या दिवशी पूर्ण बाहेरची शिवण उसवली. चुणी किंचित वर सरकली आणि तिथे पाय पसरून बसली. नवऱ्याने संध्याकाळी बघितलं तर टेबलावर पँट उसवलेली पडली होती आणि आई तिच्याकडे असं बघत होती की जणू पँटने उलट उत्तर दिलंय.

"आई, एवढं काय त्यात?"

"तू गप्प बस. एकतीस वर्षांत मी कापलेल्या पँटचा पाय फिरला नाही. नवी कामाला लागलेली पोर असते ना, तिला वाटतं, चुणी गुडघ्यात दिसली की चूक गुडघ्यात. मग ती गुडघा सोडते, गुडघा धरते, अख्खी पँट नासवते. चुणी गुडघ्यात दिसते. चूक असते आसनात, वर, बुडाशी. आसन कापताना बोटभर चुकलं की ओढ खाली येते आणि गुडघ्यात उभी राहते." त्या थांबल्या. "म्हणजे मी आसन चुकीचं कापलं. मी."

हे त्या इतक्या हळू बोलल्या की नवरा खुर्चीतून उठला.

तिसऱ्या दिवशी आसन उसवलं, पुन्हा बेतलं, पुन्हा शिवलं. शिट्टीने निमूटपणे पँट चढवली. रेघ गुडघ्यापर्यंत आली आणि बाहेर गेली.

मास्तरीणबाईंनी पँट काढायला लावली आणि आसनाची शिवण उजेडात धरून तपासली. मग मुलाला म्हणाल्या, "तू घाल."

"मी? बायकोची पँट?"

"घाल म्हटलं ना. कमरेला उघडी ठेव."

पोट आत ओढून, लाजत, तो उभा राहिला. दोन्ही रेघा सरळ. अगदी दोरी लावून मारलेल्या.

मास्तरीणबाईंनी टाचणी तोंडातून काढली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

"पँट बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "माझं आसन बरोबर आहे. हिचं आसन चुकलंय."

"माझं?"

"तुझं. तुझ्या हाडामांसाचं. गुडघ्याची चुणी ही. वर बघायला पाहिजे, इथे." आणि त्यांनी टाचणी धरलेल्या हाताने सुनेच्या उजव्या खुब्यावर, जांघेच्या वर, बोट रुतवलं. "मला काय डॉक्टरी कळत नाही. पण तुझे सगळे डॉक्टर नव्या पोरींसारखं काम करतायत, एवढं कळतं."

साक्षीदार

खेळाडूंच्या दवाखान्यात जी डॉक्टर होती तिला बाहेर बसलेले रुग्ण 'सात मिनिटं' म्हणत, कारण तेवढाच वेळ ती एकाला द्यायची. तिने वर न बघताच विचारलं, "कुठे दुखतं?"

"गुडघ्यात."

"वर घ्या पँट."

"नाही घेणार."

आता तिने वर बघितलं.

"गुडघा तीन जणांनी बघून झालाय," शिट्टी म्हणाली. "मशीनने बघून झालाय. त्यात काही नाही. तुम्ही वर बघा. खुबा बघा."

"खुब्यात दुखतं का?"

"नाही."

"मग हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या सासूनं. पँटी शिवते."

डॉक्टर हसली नाही. हसायला तिच्याकडे वेळ नव्हता. "झोपा," म्हणाली, आणि उजवा पाय धरून गुडघा छातीकडे नेला, मग तसाच धरून पाऊल हळूच बाहेर नेत मांडी आत वळवली.

खिळा. तोच, त्याच जागी, गुडघ्याच्या आतल्या अंगाला. शिट्टीने टेबलाची कड धरली.

"कुठे दुखलं?"

"गुडघ्यात."

डॉक्टरने पाय खाली ठेवला. डावा पाय तसाच वळवून बघितला. तो मुकाट वळला, बराच आत. पुन्हा उजवा. अर्ध्या वाटेवर अडला, आणि खिळा.

"मी गुडघा वळवलाच नव्हता," डॉक्टर म्हणाली, जरा स्वतःशीच. "फक्त खुबा वळवला."

सात मिनिटं कधीच संपली होती. बाहेर कुणीतरी खाकरलं. डॉक्टरने उठून दार लोटलं.

मग खुब्याचे फोटो निघाले. दोन दिवसांनी खुब्याच्या सांध्यात, पडद्यावर बघत बघत, बधिर करणारं औषध टोचलं गेलं. "हे उपचार नाहीत," डॉक्टरने बजावलं. "हा फक्त पुरावा आहे. चोर तिथे असेल तर गुडघा काही तास गप्प बसेल."

दवाखान्याला चार मजले होते. शिट्टी चौथ्या मजल्यावर गेली आणि जिना उतरली. पायावर पाय, मोठ्या माणसासारखी. परत वर गेली आणि परत उतरली. तिसऱ्यांदा उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या सफाईवालीने झाडू थांबवला.

"काय हरवलंय का, ताई?"

"सापडलंय," शिट्टी म्हणाली, आणि पुन्हा वर निघाली.

संध्याकाळी औषध उतरलं आणि खिळा परत आला. पण आता त्याचा पत्ता होता तिच्याकडे.

पुन्हा तीच घटना, दुसऱ्या बाजूने

खुब्याच्या वाटीची कड झिजली होती, चिरली होती. "पूर्ववत होणार नाही," डॉक्टर म्हणाली. "भोवतीचे स्नायू बळकट केले आणि झीज थांबवली तर चालेल. पाच आठवडे पळायचं नाही. व्यायाम देते ते कंटाळवाणे आहेत. आणि एक सांगा, तुम्ही सारख्या एकाच बाजूला वळता का?"

"छे. पंच सगळ्या मैदानभर पळतो."

हे तिने घरी येऊन तशाच तोऱ्यात सांगितलं. मास्तरीणबाईंनी टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि खडू पुढे केला. "काढ."

"टेबलावर?"

"काढ म्हटलं ना."

शिट्टीने टेबलावर मैदान काढलं. दोन्ही गोल, मधली रेघ. दोन झेंडेवाले, एक या कडेला त्या अर्ध्यात, एक त्या कडेला या अर्ध्यात. पंचाने मधून तिरकं पळायचं, एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे, म्हणजे खेळ कायम पंच आणि झेंडेवाला यांच्या मध्ये राहतो. हाच कर्ण. पहिल्या दिवशी शिकवलेला, तेव्हापासून तोच.

"मी इथवर पळत आले. चेंडू उलटला. मी वळले."

"कुठे?"

"आत. खेळाकडे. उजवीकडे."

"मग?"

"मग तिकडे पळाले. चेंडू परत फिरला. वळले."

"कुठे?"

शिट्टीचा खडू थांबला. तिने टेबलाला वळसा घातला, त्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि खोलीत, चपला घालून, वळून बघितलं.

उजवीकडे.

"एका सामन्यात किती वेळा?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"दीडशे. दोनशे."

"आणि सतरा वर्षं." त्यांनी खडूच्या तिरक्या रेघेवरून बोट फिरवलं. "बाई, अशी एकाच अंगाने ओढलेली शिवण वर्षभर नसती टिकली. बरंच पक्कं कापड आहे तुझं."

सुनेला त्यांनी दिलेली ही पहिली दाद. शिट्टीने टेबल पुसायला फडकं घेतलं.

"राहू दे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या दोन कोपऱ्यांतून काढ."

कर्ण

पाच आठवडे ती पळाली नाही. भिंतीला पाठ लावून, कुशीवर झोपून, पायाला रबरी पट्टी बांधून ती दिवसातून दोनदा ते कंटाळवाणे व्यायाम करायची, आणि मास्तरीणबाई शिलाई मशीनवर बसून मोजायच्या. अकरा. बारा. हा धरला नाही मी, पुन्हा बारा. सहाव्या आठवड्यात हळू पळणं, सातव्यात जरा जोरात. चाचणीच्या आदल्या दिवशी ती साहेबांकडे गेली.

"चाचणी देणार आहे. आणि त्यानंतर मी उलटा कर्ण पळणार आहे."

"काय उलटा?"

तिने त्यांच्याच कागदावर काढून दाखवलं.

"अगं, झेंडेवाल्यांना उलट्या अर्ध्यात उभं राहावं लागेल. त्यांची सवय, त्यांच्या जागा..."

"सरकतील. पाय आहेत त्यांना."

"असं कुणी पळत नाही."

"नियमपुस्तकात कुठे लिहिलंय, अमुकच कोपऱ्यातून म्हणून?"

साहेबांनी पुस्तक उघडलं. हे त्यांचं चुकलं, कारण शिट्टी पुस्तक पाठ करून आली होती. त्यांनी दोन पानं मागे-पुढे केली, चष्मा पुसला.

"तुझा हा कर्ण माझ्या कानात शिरत नाही," ते शेवटी म्हणाले. "आणि तिकडनं डावा झिजला तर?"

"एक सामना इकडून, एक तिकडून. पँटीसुद्धा आलटूनपालटून घालतात, साहेब."

"डॉक्टर काय म्हणते?"

"म्हणते, कधीतरी थांबावं लागेल. मी विचारलं, कधीतरी म्हणजे कधी, आणि कोण ठरवणार. म्हणाली, तुम्ही." शिट्टीने कागदाची घडी घालून त्यांच्या पुस्तकात ठेवली. "तुमचं नाव नाही घेतलं तिने."

चाचणीत अडतिसावी धाव पूर्ण करताना तिला उलटी आली. तिने ती गिळली आणि आणखी दोन पळाली.

वाया गेलेला वेळ

पहिला सामना. झेंड्या चुकीच्या अर्ध्यात जाऊन उभा राहिला, मग आठवून धावत दुसरीकडे गेला, आणि प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "अरे, याला घरचा पत्ता द्या." दहाव्या मिनिटाला शिट्टी एका खेळाडूच्या वाटेत आली, कारण सतरा वर्षं ती तिथे नसायची. "आंधळी आहे का ही," गर्दी म्हणाली. वरच्या रांगेत साहेब बसले होते, डोक्यावर टोपी. बाजूची खुर्ची रिकामी.

ती डावीकडे वळत होती. प्रत्येक वळण आधी डोक्यात आणि मग पायात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने डाव्या हाताने सही करावी तसं. कुरूप वळणं होती, तिचं तिलाच कळत होतं.

त्रेसष्टाव्या मिनिटाला चेंडू उलटला. सवयीने उजवा पाय रोवला गेला, अंग उजवीकडे निघालंही, आणि गुडघ्यात तो खिळा आला, ओळखीचा. शिट्टीने थांबून गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने खुबा सोडवला, पाऊल उचललं, डावीकडून वळली, आणि दोन पावलं उशिरा का होईना, चेंडूच्या मागे गेली. पुढच्या वळणाला काहीच झालं नाही. त्याच्या पुढच्याला थोडं झालं.

नव्वदाव्या मिनिटाला तिने कडेला बोटांनी खूण केली. सात.

एका गोलने पुढे असलेल्या संघाचा कर्णधार धावत आला. "सात मिनिटं? कसली सात? काय झालं एवढं?"

"वेळ वाया गेलाय."

"कुणी घालवला?"

"ज्यांनी घालवला त्यांनी घालवला," शिट्टी म्हणाली. "मी मोजून ठेवलाय. मागे सरक. सात मिनिटं खेळायचंय अजून."

कपडे बदलायच्या खोलीत तिने फॉर्म पुढे ओढला. घटना: काही नाही. इशारे: दोन. शेवटच्या चौकटीशी थांबून तिने आधी सात लिहिले. मग पेन उचललं, पुन्हा टेकवलं, आणि आकड्याच्या बाजूला, रेघेच्या बाहेर जाईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: 'व आठ महिने. भरून घेतले जातील.'

आणि खाली सही केली.